येशू खरंच होऊन गेला का? सातवीतल्या मुलीच्या प्रश्नांना उत्तर

ताई, तुमचं माहेर वारकरी, सासर ख्रिस्ती आणि मुलगी सातवीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. एकाच आठवड्यात तिला मोबाइलवर दोन व्हिडिओ दाखवले गेले. एकाचं म्हणणं, येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही, ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. दुसऱ्याचं म्हणणं, येशू तरुणपणी भारतात येऊन शिकला, वधस्तंभावरून जिवंत सुटला आणि श्रीनगरात त्याची कबर आहे. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने विचारलं, "आई, मग खरं काय?" त्यामागोमाग तिची यादी आली: वाढदिवस २५ डिसेंबरलाच का, भाऊबहिणी होत्या का, लग्न झालं होतं का, चित्रात दिसतो तसा गोरा होता का.

मी गेली २६ वर्षं नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचा, इतिहास आणि त्याची ग्रीक भाषा शिकवते आहे. जन्माने नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातली आहे, श्रद्धाही आहे. हे आधीच सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलते आहे ते तुम्हाला कळेल. वर्गात मात्र मी श्रद्धा आणि पुरावा यांची वही वेगळी ठेवते, आणि इथेही तसंच करणार आहे. मी येशूला 'तो' म्हणते, त्यात अनादर नाही. मराठी बायबलात त्याला 'तो'च म्हटलंय, तुमच्याकडे विठोबाला म्हणतात तसं.

यादीतले प्रश्न सुटे सुटे दिसतात, पण मुलीला खरं हवंय ते एकच: दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल काही कळतं, ते कशावरून कळतं? म्हणून नुसती उत्तरं न देता मी कसा विचार करते तेही सांगते. उद्या तिसरा व्हिडिओ आला तर तो तिला स्वतः तपासता यायला हवा.

आधी 'झालाच नाही' हे घेऊ. येशूबद्दलचा सगळ्यात जुना लेखी साक्षीदार पौल, अगदी सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक. त्याची पत्रं इ.स. ५० ते ६० च्या दरम्यानची, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-तीस वर्षांतली. बायबलात शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, आधी छापलेली असतात, त्यामुळे पत्रं त्यांच्याहून जुनी आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल भांडणाच्या भरात आहे. आपला संदेश आपण यरुशलेमेतल्या शिष्यांकडून घेतलेला नाही, हे त्याला ठासून सांगायचंय. तो लिहितो की मी तिथे गेलो, केफाकडे म्हणजे पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रेषितांपैकी, म्हणजे प्रमुख शिष्यांपैकी, दुसरा कोणी मला भेटला नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब भेटला. वर देवासमक्ष खरं सांगतो असंही म्हणतो. याकोब भेटला हे सांगणं त्याच्या सोयीचं नव्हतं. आपल्या गैरसोयीची गोष्ट माणूस सांगतो तेव्हा मी कान टवकारते. आणि रचलेल्या माणसाचा भाऊ कोणाला घरी भेटत नाही.

आता हाच याकोब दुसऱ्या टोकाकडून बघा. जोसेफस हा यहुदी इतिहासकार, ख्रिस्ती नव्हे. इ.स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात तो सांगतो की इ.स. ६२ मध्ये हनान नावाच्या प्रमुख याजकाने, 'ज्याला ख्रिस्त म्हणत त्या येशूचा भाऊ याकोब' याला दगडमार करवून मारलं. ६२ साली जोसेफस स्वतः पंचविशीतला होता, यरुशलेमेच्या याजकघराण्यातला होता, म्हणजे ही त्याच्या गावची बातमी होती. त्याच ग्रंथात आधी एका ठिकाणी येशूवर एक परिच्छेद आहे, पण त्यात पुढच्या ख्रिस्ती नकलकारांनी आपली भर घातलेली आहे. 'हाच ख्रिस्त होता' असं यहुदी जोसेफस लिहिणार नाही. म्हणून त्या परिच्छेदावर मी भार टाकत नाही. व्हिडिओवाले नेमका तोच परिच्छेद खोडून दाखवतात आणि सगळं खोडलं असं सांगतात. याकोबाचा उल्लेख ते गाळतात.

तिसरा टॅसिटस, रोमन इतिहासकार, इ.स. ११६ च्या आसपासचा. त्याला ख्रिस्ती लोकांचा मनापासून तिटकारा होता. तोही नोंदवतो की या पंथाला ज्याच्यावरून नाव पडलं त्या ख्रिस्ताला सम्राट तिबेरियाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने मृत्युदंड दिला. पिलात इ.स. २६ ते ३६ यहुदियाचा अधिकारी होता. त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. त्याआधी एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाचा एकही दगड हाती नव्हता, मग गालीलातल्या एका सुताराचा दगड मिळावा ही अपेक्षा कशी धरायची? विद्यापीठांत हा काळ शिकवणारे ख्रिस्ती, यहुदी आणि नास्तिक अभ्यासक एकमेकांशी कडाडून भांडतात, पण येशू होऊन गेला यावर त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे.

शुभवर्तमानांचं काय, असं मुलगी विचारील. मार्क साधारण इ.स. ७० चा, मत्तय आणि लूक त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतले, योहान शतकाच्या अखेरचा. म्हणजे मधली चाळीस वर्षं आठवणी तोंडी फिरत होत्या. इथे मी मराठी मुलांना नेहमी लीळाचरित्राची आठवण करून देते. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडून लीळा गोळा केल्या. १२७८ च्या सुमाराचं हे काम. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, म्हणून एकाच लीळेचे दोन-दोन, तीन-तीन पाठ मिळतात. पाठ वेगळे आहेत म्हणून चक्रधर झालेच नाहीत असं आपण म्हणत नाही. उलट पाठ ताडून पाहिले की गाभा कुठला आणि आठवणीची सावली कुठली ते दिसायला लागतं. शुभवर्तमानं मी तशीच वाचते. एक फरक लक्षात ठेवायचा: महानुभावांनी पाठभेद नोंदवून ठेवले, शुभवर्तमानकारांनी ते नोंदवले नाहीत, त्यामुळे आपल्याला चार पुस्तकं शेजारी ठेवून ते शोधावे लागतात.

त्या शोधात एक कसोटी फार उपयोगी पडते. लिहिणाऱ्याला अडचणीची वाटणारी गोष्ट त्याने तरीही लिहिली असेल, तर ती बहुधा घडलेली असते. येशूने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडून बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यातली दीक्षा, घेतला. हा बाप्तिस्मा पापांच्या क्षमेसाठी होता आणि देणारा घेणाऱ्याहून मोठा ठरतो, म्हणजे शिष्यांची दुहेरी पंचाईत. मार्क तो सरळ सांगून टाकतो, मत्तयात योहान स्वतःच आधी नको म्हणतो, आणि चौथ्या शुभवर्तमानात बाप्तिस्म्याचं दृश्यच नाही. अवघडलेपण पानापानाला वाढत गेलेलं दिसतं. वधस्तंभाचंही तेच. ती गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. आपला तारणारा त्या खांबावर मेला, असं कोणी हौसेने रचत नाही.

वधस्तंभाची तारीख? यहुद्यांचा वल्हांडण सण, शुक्रवार आणि पिलाताची कारकीर्द यांचा मेळ घातला तर इ.स. ३० किंवा ३३ ही वर्षं सर्वांत जुळतात. मी ३० कडे झुकते.

आता वाढदिवस. दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला मी एक कोरा कागद देते आणि ख्रिस्तजन्माची गोष्ट आठवेल तशी लिहायला सांगते. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली मुलंही लिहितात: गाढवावर बसलेली मरीया, गोठा, तारा, मेंढपाळ, तीन राजे, सगळे एकाच रात्री. मग आम्ही मत्तय आणि लूक उघडतो. तारा आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, फक्त मत्तयात आहेत, ते तीन होते असं कुठेच नाही, राजे तर मुळीच नव्हेत, आणि ते येतात ते एका घरात. गव्हाणी, मेंढपाळ आणि देवदूतांचं गाणं फक्त लूकात. गाढव दोघांतही नाही. आपण डोक्यात दोन गोष्टी शिवून एक केलेली असते. हा तास संपला की मुलं थोडी गप्प होतात. पण त्यानंतरच ती खरी वाचायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

वर्षाचं म्हणाल तर मत्तयानुसार जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला आणि हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला. म्हणून बहुतेक अभ्यासक येशूचा जन्म इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान धरतात. ख्रिस्त ख्रिस्तपूर्व काळात जन्मला हे ऐकायला विचित्र वाटतं. तो गोंधळ सहाव्या शतकातल्या दियोनिसियस नावाच्या संन्याशाच्या मोजणीचा आहे. कालगणना त्याने सुरू केली आणि चार-सहा वर्षं चुकली. लूक जन्माचा संबंध सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या शिरगणतीशी जोडतो. ती शिरगणती इ.स. ६ ची, म्हणजे हेरोद गेल्यावर नऊ-दहा वर्षांनी. दोघांचा मेळ घालण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, मला एकही पटलेला नाही. लूकाची इथे गल्लत झाली असं मी वर्गात स्पष्ट म्हणते. यावर मुलगी बावचळली तर तिला घरचंच उदाहरण द्या. तुकोबांच्या जन्माची चार वेगवेगळी वर्षं अभ्यासकांनी मांडली आहेत. शिवाजी महाराजांची जन्मतिथी १६२७ ची की १६३० ची, यावर आपल्याकडे कित्येक दशकं वाद चालला. जन्मवर्षाचा वाद हा माणसाच्या असण्याचा वाद नसतो. माणूस मोठा होतो तेव्हा लोक त्याच्या नोंदी ठेवू लागतात, आणि तोवर पाळणा फार मागे राहिलेला असतो.

२५ डिसेंबर बायबलात नाही. ही तारीख आपल्याला पहिल्यांदा रोममध्ये ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात दिसते, आणि त्यातली ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. तारीख का निवडली यावर दोन मतं आहेत. एक, रोमन लोकांच्या अजिंक्य सूर्याच्या उत्सवाला उत्तर म्हणून. दुसरं, गर्भधारणा २५ मार्चला झाली असं धरून नऊ महिने पुढे मोजले म्हणून. 'नाताळ म्हणजे चोरलेला सण' असं ठणकावून सांगणारे पहिलंच मत तेवढं ऐकलेले असतात. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं.

भाऊबहिणींचं उत्तर तुमच्या सासरवर थोडं अवलंबून आहे. ते कॅथलिक आहेत की प्रोटेस्टंट, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक म्हणतात की हा सुतार ना, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ, आणि याच्या बहिणी इथेच आपल्यात आहेत ना? प्रोटेस्टंट वाचक बहुधा त्यांना सख्खी धाकटी भावंडं मानतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत ती योसेफाच्या आधीच्या लग्नाची मुलं. कॅथलिक परंपरेत, चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या धर्मपंडिताने मांडल्याप्रमाणे, ती चुलत-मावस भावंडं, कारण मरीया आजन्म कुमारी राहिली अशी त्यांची श्रद्धा आहे. मराठीत आपण चुलतभावालाही सर्रास 'भाऊ' म्हणतो, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याला चटकन पटतो. पण ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द होता आणि नव्या करारात तो एका ठिकाणी वापरलेलाही आहे. म्हणून निव्वळ भाषेच्या अंगाने मला सख्खी भावंडं अधिक संभवनीय वाटतात. सासर कॅथलिक असेल तर मुलीला दोन्ही सांगा: शब्दाचा सरळ अर्थ हा, आणि आजीची श्रद्धा ही. सातवीतल्या मुलीला हे दोन्ही एकत्र सांभाळता येतं.

लग्नाबद्दल कोणतंही जुनं साधन होय म्हणत नाही. नुसत्या मौनावरून निष्कर्ष काढायला मी कचरते, पण इथे एक चांगला धागा आहे. करिंथकरांना पौल लिहितो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा आपापल्या बायकांना बरोबर घेऊन फिरतात, मग तो हक्क मला नाही का? त्या क्षणी येशूचं लग्न झालेलं असतं तर त्याहून भारी दाखला पौलाला मिळाला नसता. तो देत नाही. म्हणून माझं मत, बहुधा अविवाहित. २०१२ साली 'येशूच्या बायकोचा' उल्लेख असलेला पपायरसचा तुकडा जगभर गाजला. तो बनावट असल्याचं पुढच्या चार वर्षांत उघड झालं. बातमी पोचली, खुलासा पोचला नाही.

आणि मरीया मग्दालीया, येशूची अनुयायी. तिला वेश्या ठरवलं गेलं ते शुभवर्तमानांत नाही. पोप ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात तीन वेगळ्या स्त्रियांना एकच मानलं, आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो शिक्का चौदाशे वर्षं टिकला. लूक सांगतो की ती आणि आणखी काही स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूच्या मंडळींचा खर्च चालवत. शिष्य पळाले तेव्हा ती वधस्तंभापाशी होती. २०१६ साली कॅथलिक चर्चने तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. मुलीला हे नक्की सांगा. ज्या स्त्रीने पैसा पुरवला आणि शेवटपर्यंत साथ दिली तिच्या नावावर एवढा काळ हे चिकटलं, याचं मला अजूनही दुःख होतं.

रंगरूपाबद्दल एकही शुभवर्तमान एक शब्द बोलत नाही. तो गालीलातला यहुदी होता, तिथल्या माणसांसारखाच सावळा-गव्हाळ, काळ्या केसांचा असणार. त्याला पकडायला आले तेव्हा एका शिष्याला त्याचं चुंबन घेऊन ओळख पटवून द्यावी लागली, म्हणजे तो चारचौघांत वेगळा दिसत नव्हता. पुरुषाने लांब केस ठेवणं लाजिरवाणं, असं पौल लिहितो, तेव्हा खांद्यावर रुळणारे केसही शंकास्पदच. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथल्या तिसऱ्या शतकाच्या घरातल्या चर्चमध्ये येशूची फार जुनी भित्तिचित्रं मिळाली. त्यांत त्याला दाढीसुद्धा नाही. निळ्या डोळ्यांचा गोरा येशू ही फार नंतरच्या युरोपीय चित्रकारांची आणि छापखान्यांची देणगी.

त्याची भाषा अरामी. मार्काने काही अरामी शब्द तसेच ठेवले आहेत: मेलेल्या मुलीला उठवताना 'तलीथा कूम', बहिऱ्याला बरं करताना 'इफ्फाथा', वधस्तंभावर 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी', आणि प्रार्थनेत 'अब्बा'. 'अब्बा' म्हणजे लहान मुलाचा बोबडा शब्द, असं प्रवचनांत सांगतात. ते बरोबर नाही, मोठी माणसंही वडिलांना अब्बा म्हणत. मराठीत आपलं काम सोपं आहे. 'बाबा' हा शब्द तीन वर्षांचं पोरही म्हणतं आणि पन्नाशीचा मुलगाही. नावाचंही तसंच. मूळ येशुआ, त्या काळातलं अगदी घरोघरचं नाव, आणि आपलं 'येशू' त्याच्या इंग्रजी रूपापेक्षा मूळाला जवळ आहे. 'ख्रिस्त' हे आडनाव नाही. मशीहा, म्हणजे अभिषिक्त, याचं ते ग्रीक रूप.

तुम्ही त्याला ख्रिस्ती धर्माचा संस्थापक म्हटलंय. पाठ्यपुस्तकात तसंच असतं, पण मी हा शब्द जपून वापरते. येशू यहुदी जन्मला, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस पाळत वाढला, सभास्थानात शिकवत असे आणि वल्हांडण सणासाठी आला असताना मेला. 'ख्रिस्ती' हा शब्द त्याच्या मृत्यूनंतर अंत्युखिया शहरात प्रथम वापरला गेला, असं प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. यहुदी नसलेल्यांनी सुंता करायची की नाही यावर शिष्यांमध्ये मोठा वाद झाला, इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, आणि दोन वाटा हळूहळू वेगळ्या होत गेल्या. हे पुस्तकातून समजावणं कठीण जातं, म्हणून मी वर्गाला अलिबागच्या सिनेगॉगला, म्हणजे यहुद्यांच्या सभास्थानाला, घेऊन जाते. कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, मराठी बोलतात. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचा. त्या शांत सभागृहात बसलं की मुलांना जाणवतं, येशूचा शनिवार असा होता. जमलं तर मुलीला एकदा न्या.

आता काश्मीर. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यात जास्त फिरते आणि माहेरच्या माणसांनी ती प्रेमानेच पाठवली असणार. पहिली गोष्ट, त्या व्हिडिओत दोन वेगळ्या कथा एकत्र केल्या आहेत. निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ साली फ्रेंचमध्ये पुस्तक काढलं. लडाखच्या हेमिस मठात आपण 'इसा'चं चरित्र ऐकलं, त्यात तो तरुणपणी भारतात शिकून परत गेला आणि वधस्तंभावर मेला, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले आणि मठाच्या प्रमुखांना पुस्तक वाचून दाखवलं. असं चरित्र मठात नाही, असा पाहुणाही आला नव्हता, असं प्रमुखांनी सांगितलं. दुसरी कथा अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांची, १८९९ साली लिहिलेली. त्यांच्या मते येशू वधस्तंभावरून वाचला, काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या खान्यार भागातल्या रोझाबल या दर्ग्यात तो दफन आहे. अहमदिया बांधवांची ती श्रद्धा आहे, तिचा मी मान राखते. पण एका कथेत तो परत जाऊन मेला आणि दुसरीत मरणातून वाचून आला. पहिली मानली तर कबर उरत नाही.

रोझाबलमध्ये ज्याचं नाव सांगतात तो युझ आसफ. या नावाचा प्रवास मला फार आवडतो. बुद्धाची कथा पश्चिमेकडे गेली, 'बोधिसत्त्व' या शब्दाचं 'बुदासफ' झालं, अरबी लिपीत एका नुक्त्याच्या फरकाने 'ब'चा 'य' झाला आणि 'युदासफ', म्हणजेच आपला युझ आसफ, हा राजपुत्र तयार झाला. राज्य सोडून संन्यास घेणारा हा राजपुत्र एका अरबी कथेत काश्मिरात देह ठेवतो. तीच कथा जॉर्जियन आणि ग्रीकमार्गे युरोपात पोचली, तिथे त्याचं 'जोसाफात' झालं आणि ख्रिस्ती संतांच्या यादीत त्याला जागा मिळाली. म्हणजे युरोपातले ख्रिस्ती कित्येक शतकं नकळत सिद्धार्थाचा सण पाळत होते. भारताचा आणि ख्रिस्ती जगाचा जुना संबंध हवा असेल, तर तो हा आहे, आणि कागदोपत्री सिद्ध करता येतो. त्या कबरीचं नाव येशूपेक्षा बुद्धाच्या कथेकडे बोट दाखवतं.

कोणीतरी भविष्यपुराणातला शालिवाहन आणि ईशपुत्राच्या भेटीचा प्रसंगही पुढे करील. शालिवाहन म्हटलं की आपलं मन पैठणला धावतं. पण त्या पुराणाच्या प्रतिसर्गपर्वात अकबर आहे, इंग्रजांचं राज्यही आहे. ज्या पर्वात इंग्रज आहेत ते पहिल्या शतकाची साक्ष देऊ शकत नाही.

आणि मधली अठरा वर्षं? लूक येशूला बाराव्या वर्षी मंदिरात दाखवतो आणि मग एकदम साधारण तिसाव्या वर्षी. मध्ये काहीच नाही, हे खरं. पण नासरेथच्या लोकांचं वाक्य पुन्हा वाचा: 'हा सुतार ना?' ज्याला ते रोज पाहत आले, त्याच्याबद्दलचं ते बोलणं आहे. पंधरा वर्षं परदेशात शिकून आलेल्या माणसाबद्दल गाव असं बोलत नाही, आणि 'याला हे ज्ञान कुठून आलं' असं आश्चर्यही करत नाही. इथे 'सुतार' साठीचा ग्रीक शब्द लाकूड-दगडाचं बांधकाम करणाऱ्यालाही चालतो. नासरेथपासून पाच-सहा किलोमीटरवर सेप्फोरीस हे शहर त्याच काळात नव्याने बांधलं जात होतं. कामाला माणसं तिथे लागतच होती. त्या अठरा वर्षांचा साधा खुलासा हा आहे.

वधस्तंभावरून कोणी वाचू शकतं का, याचं प्रामाणिक उत्तरही द्यायला हवं. जोसेफस आपल्या आत्मचरित्रात लिहितो की क्रुसावर टांगलेले आपले तीन परिचित दिसले, त्याने सेनापती तीताला विनंती केली, त्यांना उतरवून उपचार केले, आणि तिघांपैकी एक जगला. म्हणजे अशक्य नाही. पण तिथे माफी होती आणि वैद्य होते. येशूच्या बाबतीत मित्र आणि शत्रू दोघेही तो मेला असंच सांगतात.

पुनरुत्थानाबद्दल मुलगी विचारीलच. इ.स. ५५ च्या सुमारास पौल लिहितो की तो मेला, पुरला गेला, उठवला गेला आणि अमुक अमुक जणांना दिसला. शिवाय हे आपल्याला आधीच्यांकडून मिळालं असंही सांगतो. म्हणजे शिष्यांना तो दिसल्याची खात्री अगदी सुरुवातीपासून होती. इतिहास मला इथपर्यंत आणून सोडतो. पुढे मी जाते ती श्रद्धेने, आणि वर्गात दोन्ही पावलांत फरक आहे हे फळ्यावर लिहून ठेवते. तुम्ही तिला कोणतं पाऊल टाकायला सांगायचं, ते तुमच्या घराने ठरवायचं आहे, मी नाही.

एक काम मात्र सुचवते. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, दीड-दोन तासांत वाचून होतं. ते तिच्याबरोबर एका बैठकीत वाचा. मग वहीच्या पानावर दोन रकाने आखून मत्तय आणि लूक यांचे पहिले दोन-दोन अध्याय समोरासमोर उतरवा. डिसेंबरात सासरी गोठा मांडायला घेतील, तेव्हा ते पान तिच्या हातात असू द्या. गाढवाची मूर्ती ती बहुधा ठेवीलच, आणि ठेवू द्या. फक्त ते कुठल्या पुस्तकातून आलं, हे तिने आजीला विचारावं.